पंचफुला आत्याचा चौकोन

कॉम्प्युटरवर एक चौकोन वरून खाली आणायला माणसाला किती वेळ लागावा? माझा अंदाज एका सेकंदाचा होता. प्रत्यक्षात अख्खा शुक्रवार गेला, शनिवारची त्यात भर पडली, आणि रविवारी तो चौकोन अखेर कुठे गेला ते भर सभेत एकाहत्तर घरांनी पाहिलं. तेव्हापासून आमच्या मंडळात 'बुद्धभूषणरावांना कॉम्प्युटर जमत नाही' असं बोललं जातं. हा आरोप मला साफ नामंजूर आहे. रेल्वेच्या कचेरीत एकतीस वर्षं मी रजिस्टरं आखली. लाल शाईची दुहेरी रेघ मी श्वास रोखून एका दमात ओढत असे, आणि ओढलेली रेघ निवृत्तीपर्यंत ओढलेल्या जागीच राहत असे. त्या सवयीच्या माणसाच्या हातात लेकीने कसलं यंत्र दिलं, हे कुणी लक्षातच घेत नाही.

आमचं गाव बोरगव्हाण, मराठवाड्यातलं. हैदराबादेत आता गावची एकाहत्तर घरं आहेत. त्यांचा वर्षातून एकदा तारनाक्याच्या हॉलमध्ये स्नेहमेळावा भरतो, आणि त्यात एक मान असतो. गावातून सगळ्यांत आधी जो हैदराबादला आला त्याच्या घरी शाल जाते, आणि पुढच्या रांगेतली मधली खुर्चीही त्याच घराची. हा पहिला माणूस म्हणजे माझे वडील, अंबाजी. "खिशात दोन भाकरी, अंगात एक सदरा, आणि काचीगुड्याच्या स्टेशनात मी एकटा उतरलो," हे वाक्य आबा आम्हाला जेवताना ऐकवत. वरण जास्त वाढून घ्यायचं असलं की त्यात पाऊसही यायचा. आबा गेल्यापासून अठरा वर्षं शाल मी घेतो. शाल अंगावर घ्यावी अशी थंडी इथे वर्षातून आठवडाभर पडते, त्यामुळे माझ्या बायकोने, माधवीने, त्यातल्या काही शाली मिक्सर, शिलाई मशीन आणि इन्व्हर्टर यांना पांघरल्या आहेत. पण मान तो मानच.

या वर्षी मेळावा पंचविसावा. मी सभेत मुद्दा मांडला की 'कोणी कोणाला आणलं' याचा एक मोठा तक्ता फ्लेक्सवर छापून लावावा. आमच्यात कुणी एकटं येत नाही. मेव्हणा मेव्हण्याला आणतो, मामा भाच्याला आणतो, खोली बघून देतो, कुठेतरी कामाला लावतो, आणि तो भाचा पुढे आपल्या साडूला आणतो. या सगळ्यांच्या वरती एकच चौकोन, आबांचा. खरं सांगायचं तर मला तो तक्ता त्यासाठीच हवा होता. कारण आमचे शेजारी हिम्मतराव गेली काही वर्षं दर मेळाव्यात उठून म्हणतात की त्यांचे आजोबा निजामाच्या काळातच हैदराबादला आले होते. आले होते, पण बैल विकायला, आणि तिसऱ्या दिवशी परत गेले. मंडळाने तसा ठराव करून तो दावा फेटाळलेला आहे. तरी एकदा फ्लेक्सवर छापून आलं की बोलायला जागा राहत नाही.

मी फुलस्केपचे नऊ कागद आखून, सुवाच्य अक्षरात, सगळी नावं लिहून शिवानीला दिली. शिवानी माझी मुलगी, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्या ऑफिसात प्रोग्रॅमचा कुठला भाग कुठल्या भागावर अवलंबून आहे याची चित्रं काढायचं एक सॉफ्टवेअर वापरतात. चौकोन, चौकोनातून निघणारे बाण, बाणाच्या टोकाला दुसरा चौकोन. तेच तिने घरच्या लॅपटॉपवर घातलं, आणि गुरुवारी संध्याकाळी एकाहत्तर चौकोन भरून माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "पप्पा, सब होगया. तुम्ही फक्त थोडं अरेंज करा. इझी आहे."

आधी बाणांचे प्रकार समजून घ्यावे लागले. एका बाणाचा अर्थ 'हा त्याच्यापासून झाला', दुसऱ्याचा 'याचं त्याच्यावाचून चालत नाही', आणि शेपटीला शंकरपाळी असलेल्या तिसऱ्याचा 'हा त्याचाच एक भाग'. नवरा-बायकोंना कुठला लावायचा असं मी विचारलं, तर शिवानी म्हणाली दुसरा लावा. आता प्रश्न असा की बाण कुणाकडून कुणाकडे काढायचा. मी माझ्या बुद्धीप्रमाणे एक दिशा सुचवली. माधवी भाजी निवडत होती, तिने नुसतं वर पाहिलं. मी बाण दोन्हीकडून काढायला सांगितला.

शुक्रवारी सकाळी दोघी कामावर गेल्या आणि मी कामाला बसलो. मदतीला हिम्मतराव आले. हिमायतनगरला त्यांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे, ते आता सून बघते, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांच्याकडे दिवस मोकळा असतो. सुरुवात त्यांच्याच चौकोनापासून केली. मी तो उचलायला गेलो, तर तो उचलला न जाता रुंद झाला. पुन्हा धरला, आणखी रुंद झाला. तिसऱ्यांदा हिम्मतराव या टोकापासून त्या टोकापर्यंत पडद्यासारखे पसरले. मी घाईने तो आवरायला लागलो, तर ते म्हणाले, "राहू द्या की असाच. बरा दिसायलाय."

नंतर नामदेवराव. हे आमचे अध्यक्ष. त्यांचं आणि त्यांच्या मेव्हण्याचं सहा वर्षांपासून बोलणं नाही, म्हणून दोघांना जरा लांब ठेवावं असा माझा शहाणपणा. नामदेवरावांना उजवीकडे ओढलं, तर मेव्हणा बाणाला धरून मागोमाग आला. मेव्हण्याला डावीकडे नेलं, तर दोघांमधला बाण तिसऱ्याच कुटुंबातून आरपार गेला. तो सरळ करावा म्हणून धरला, तर त्याला कोपर फुटला. कोपर दाबला, तर पलीकडे दुसरा फुटला. चौकोन मला हवा तिथे सोडला की तो जरा बाजूला सरकून स्वतःला हवा तिथे चिकटायचा. चार जणांना एकदम उचलावं म्हणून भोवती चौकट ओढली, तर त्यात अकरा जण सापडले आणि त्यांतला एक पानाबाहेर पडला. मी नोकरीत दोन संप आणि तीन ऑडिट पाहिली आहेत, पण इतका असहकार पाहिला नाही.

हिम्मतरावांनी वरच्या कोपऱ्यातलं झाडूचं चित्र दाखवलं. झाडू आहे म्हणजे आवरून देत असेल, असं त्यांचं म्हणणं. आणि खरोखर, ते बटण दाबल्याबरोबर एका क्षणात सगळे शिस्तीत उभे राहिले. बाण सरळ, रांगा नीट, मेव्हणेसुद्धा सभ्य अंतरावर. मी समाधानाने सगळ्यांत वर पाहिलं. तिथे नाव होतं पंचफुला.

पंचफुला म्हणजे माझी आत्या, आबांची थोरली बहीण, वय एक्क्याण्णव. तिच्या चौकोनातून वीसेक बाण निघालेले, त्यातला एक आबांकडे. आबा तिच्या खाली, दुसऱ्या ओळीत, इतर एकोणीस जणांबरोबर रांगेत उभे. मी हसलो. सकाळपासून बाण आपोआप वळताना, उलटे होताना मी पाहत होतो, तसाच हाही उलटला असणार. माझ्या कागदांवर स्पष्ट होतं: अंबाजींनी विधवा बहिणीला हैदराबादला आणलं. मी आत्याला धरून खाली आणलं आणि झाडू दाबला. आत्या वर गेली. पुन्हा खाली आणलं, पुन्हा वर गेली. असं मी मोजून चौदा वेळा केलं. हिम्मतराव म्हणाले की मशीनला बाईमाणसाची अदब असेल. मी म्हणालो, मशीन बिघडलंय.

मग त्यांनी सल्ला दिला: आत्याला काढून टाका आणि नव्याने लिहा. मी चौकोन निवडून डिलीट दाबलं. सॉफ्टवेअरने इंग्रजीत लांबलचक काहीतरी विचारलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला एक शिस्त लागली आहे, की वरून लांबलचक विचारणा आली तर आधी 'होय' म्हणायचं. मी होय म्हटलं. पंचफुला आत्या गेली. तिच्याबरोबर आबा गेले. आबांनी आणलेले गेले, त्या आणलेल्यांनी आणलेले गेले, आणि बघता बघता पान कोरं झालं. एकाहत्तर घरांतलं एकही उरलं नाही. मी स्वतःचा चौकोन शोधला, तोही नव्हता.

हिम्मतराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांना फार लागलं ते. म्हणाले, "मी बसलोय ना इथं. मला कायकू काढलं?" मी समजावलं की आत्याच्या ओळीत असलेले सगळे गेले. पण तुम्हाला तर आबांनी आणलेलं, मग तुमचा बाण थेट आत्याकडून कसा निघाला होता? हिम्मतराव चहाच्या कपात बघत म्हणाले की नोकरी आबांनीच लावली होती, पण पहिले सहा महिने ते जेवायला आत्याकडेच होते. आणि खोलीही तिनेच पाहून दिली होती. आणि स्टेशनवर घ्यायलाही, आता आठवतं तर, तीच आली होती. मला त्या वेळी माणसं परत आणायची घाई होती, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

शिवानीला ऑफिसात फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती, हळू आवाजात म्हणाली, कंट्रोल झेड दाबत राहा. मी दाबत राहिलो. माणसं परत आली, पण थांबायचं कुठे ते कळेना. हिम्मतराव रुंद झाले, पुन्हा बारीक झाले, नामदेवराव आणि मेव्हणा मांडीला मांडी लावून बसले. शेवटी सगळे जागेवर आल्यावर मला टाचणीचं चित्र सापडलं. टाचणी मारली की तो चौकोन हलत नाही. मी आबांना सगळ्यांत वर ओढून टाचणी मारली. आत्याला सगळ्यांत खाली, पानाच्या अगदी तळाशी नेलं आणि दोन टाचण्या मारल्या. झाडू दाबला. दोघंही हलले नाहीत. आत्यापासून एक लांबलचक बाण सगळ्या गावातून वाट काढत वर आबांपर्यंत गेला, तो मात्र काही केल्या जाईना. बहीण-भावाची खूण म्हणून राहील, असं मी ठरवलं आणि फाईल नारायणगुड्याच्या फ्लेक्सवालीला पाठवून दिली. त्या संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी पाय पसरून बसलो.

शनिवारी दुपारी मेळाव्याचं बोलावणं करायला आत्याकडे गेलो. ती सुलतान बाजारात पुस्तकांच्या गल्लीत, माडीवर, नातवाकडे राहते. डोळ्यांनी आता कमी दिसतं, पण माणूस जिन्यावरच्या पावलांवरून ओळखते. बसल्या बसल्या कौतुकाने म्हणाली की शिवानीचा फोन आलता, तासभर बोलली पोरगी, समद्यांची नावं लिहून घेतली. मी विचारलं, कसली नावं? नावं तर मी कागदावर दिली होती. तेव्हा कळलं की शिवानीला माझे नऊ कागद वाचताच आले नव्हते. पोरगी मराठी बोलते, पण वाचायची म्हटलं की तिसऱ्या शब्दाला दम लागतो. मला वाईट वाटू नये म्हणून तिने सांगितलं नाही, आणि गुपचूप आत्याला फोन करून सगळं लिहून घेतलं. माझे सुवाच्य कागद तिच्या ऑफिसच्या बॅगेत घडीसुद्धा न मोडता पडून होते.

म्हणजे तो बाण उलटलेला नव्हता. मी आत्याला शांतपणे विचारायचं ठरवलं होतं, पण आवाज चढलाच. मी म्हणालो, आबा काचीगुड्याला एकटे उतरले होते. आम्ही लहानपणापासून ऐकलंय.

"एकटाच उतरला की," आत्या म्हणाली. "खोटं न्हाई बोलला त्यो. म्या आधीच फलाटावर उभी हुते, त्याला घ्यायला."

मग तिने सांगितलं, गहू निवडावेत तसं, हात न थांबवता. नवरा गेल्यावर बाविसाव्या वर्षी ती दगडकामाच्या टोळीबरोबर इथे आली. तारनाक्याला युनिव्हर्सिटीच्या बाजूला कसलीशी इमारत उठत होती, तिथे तिने दोन वर्षं डोक्यावर घमेलं वाहिलं. राहायला जागा झाली तेव्हा पत्र लिहवून धाकट्या भावाला बोलावलं. त्याला शाळेत घातलं, पुढे त्याला सरकारी शिपायाची नोकरी लागली. नोकरीचा माणूस गावाला दिसतो, घमेल्याची बाई दिसत नाही. पुढचे लोक 'अंबाजीकडे जातो' म्हणून निघत आणि जेवायला हिच्याकडे उतरत. मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? तुझ्यासमोर आबा दर वर्षी शाल घ्यायचे.

"कुणी इचारलंच न्हाई रे. पोरीनं इचारलं, म्या सांगितलं," ती म्हणाली, आणि मग माझ्या मांडीवर हात ठेवून, "ऱ्हाऊ दे त्यालाच वर. मला कुठं वाचता येतंय?"

मला तिथे बसवेना. मला आबांचा राग आला, मग माझा आला. अठरा शाली मी मान ताठ ठेवून घेतल्या होत्या आणि त्यातली एक मिक्सरवर होती. लॅपटॉप पिशवीत होताच, तो घेऊन मी तडक नारायणगुड्याला गेलो. दुकानाच्या मालकीणबाई भाग्यलक्ष्मी. मी त्यांना सांगितलं, थांबा, छापू नका, वरचा माणूस खाली आणि खालची बाई वर न्यायची आहे. त्यांनी भिंतीला टेकवलेल्या गुंडाळीकडे बोट दाखवलं. "अंकल, वो सुबेच निकल गया. अब मशीन सोमवार कू खाली होता." म्हणजे मेळावा उरकल्यावर.

तरी मी काउंटरवर लॅपटॉप उघडला, निदान फाईल तरी खरी असावी म्हणून. आता गंमत बघा. शुक्रवारी जी आत्या चौदा वेळा आपण होऊन वर गेली, ती आता मी विनवण्या केल्या तरी हलेना. एक टाचणी निघाली, दुसरी कुठे आहे तेच सापडेना. आबांची टाचणी काढली तर आबा शेजारच्या पानावर निघून गेले. हिम्मतराव पुन्हा रुंद झाले. भाग्यलक्ष्मी बाई मागे उभ्या राहून सहानुभूतीने बघत होत्या. शेवटी त्यांनीच लॅपटॉप हळूच मिटला आणि मला पाणी दिलं.

रविवारी सकाळी हॉलमध्ये मी आणि हिम्मतराव दोन शिड्यांवर चढलो. फ्लेक्स उलगडला. वर आबा, खाली जमिनीला लागून आत्या, मधे सगळं गाव, छपाई सुरेख. लोक यायला लागले होते. आत्याला नातवाने हाताला धरून आणलं आणि ती नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसली. पंचवीस मेळाव्यांत ती तिथेच बसली होती, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

मी हिम्मतरावांना म्हणालो, "उलटा धरा."

त्यांना वाटलं मागची बाजू पुढे करायची. मी म्हणालो तसं नाही, वरचं खाली. ते म्हणाले, "दिमाग जागेवर हाय ना?" मी हौ म्हणालो. त्यांनी शिडीवरून आत्याच्या चौकोनाकडे पाहिलं, आणि आपलं टोक फिरवलं.

तो तक्ता लागल्यावर जे झालं ते होणारच होतं. एकाहत्तर घरांनी माना वाकड्या केल्या. काही जण पाठमोरे होऊन वाकून बघायला लागले, एकाने मोबाईलवर फोटो काढून मोबाईल उलटा धरला. नामदेवराव माईकवर म्हणाले की बुद्धभूषणरावांकडून तक्ता चुकून उलटा लागलेला आहे, तरी समजून घ्यावं. मी शिडीवरूनच म्हणालो की चुकून नाही. मग खाली उतरलो, माईक घेतला, आणि फलाटावर कोण उभं होतं ते सांगितलं. माझा आवाज फुटत होता, तो मी माईकवर ढकलला. मला वाटलं आता आबांच्या बाजूने कुणीतरी उठेल. हिम्मतराव उठले. म्हणाले, "मला पण तिनंच उतरवून घेतलं." त्यांच्यामागे एक जण उठला, मग आणखी दोघं. सगळ्यांनी तिच्या घरचं जेवण आठवायला सुरुवात केली. आजोबांच्या बैलांचा विषय हिम्मतरावांनी त्या दिवशी काढला नाही.

शाल घेऊन मी दाराजवळच्या खुर्चीकडे गेलो. शिवानीने आत्याला उठवलं, पुढे आणलं, मधल्या खुर्चीत बसवलं. आत्याने त्या भल्या मोठ्या फ्लेक्सकडे डोळे बारीक करून पाहिलं. सगळ्या हॉलमध्ये तिला एकटीलाच त्यात काही उलटं वाटलं नाही.

"माझं कंचं?" तिने विचारलं.

"सगळ्यांत वरचं," मी म्हणालो.

"आन् अंब्याचं?"

मी जरा चाचरलो. म्हणालो, एकदम खाली आहे गं, तळाला, तुझ्यापासून निघालेला बाण थेट त्याच्यापर्यंत जातो.

"बराबर हाय," आत्या म्हणाली, आणि शाल अंगावर ओढून घेतली. "जेवताना पायाशीच बसायचा माझ्या."